मुलं शिकली, हे कशावरून? नव्या मुख्याध्यापकांसाठी कामाची पद्धत

मुख्याध्यापकाची खुर्ची मिळाली की पहिल्याच आठवड्यात कळतं, दिवस आपोआप भरतो. पत्रांना उत्तरं, पालक, गैरहजर शिक्षकांचे बदली तास, गळणारी टाकी, सह्या. यातलं टाळण्यासारखं काहीच नसतं. संध्याकाळी कुलूप लावताना लक्षात येतं, आज एकाही वर्गात सलग दहा मिनिटं बसणं झालेलं नाही.

‘अध्ययनकेंद्री शाळा’ हा शब्द जड आहे, त्यामागचा प्रश्न मात्र साधा: मुलं काय शिकली, आणि ते आपल्याला कशावरून कळलं? प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा. ‘धडा झाला’, ‘पोर्शन संपला’, ‘टाचण पूर्ण आहे’ या सगळ्या शिकवल्याच्या नोंदी. शिकल्याची नोंद सापडते मुलाच्या वहीत, तोंडी उत्तरात, चुकीत. मुख्याध्यापकाचा दिवस, वर्गातलं शिकवणं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण या तिन्हींची सुरुवात त्या नोंदीपासून करायची, एवढीच ही पद्धत.

एक गैरसमज आधीच काढून टाकलेला बरा. अध्ययनकेंद्री म्हणजे गटकार्य, रंगीत तक्ते आणि गजबज नव्हे. अपूर्णांकाच्या तासाला मुलं पंचवीस मिनिटं कागदाची वर्तुळं कापत आणि रंगवत बसली, तर तो तास कातरकामाचा झाला. उलट खडू-फळ्यावर शिकवणारे, पण नेमके प्रश्न विचारून प्रत्येकाला उत्तर लिहायला लावणारे सर पूर्ण अध्ययनकेंद्री असू शकतात. आत्ता या क्षणी मुलाचं डोकं कशावर चाललंय, एवढंच पाहायचं.

पहिलं काम: स्वतःचा वेळ मोजा

एक आठवडा दर अर्ध्या तासाला डायरीत एकच अक्षर लिहा. शिकण्याशी थेट संबंध असलेल्या कामाला ‘शि’, व्यवस्थेच्या कामाला ‘व्य’, अचानक उपटलेल्या भानगडीला ‘भा’. आठवड्याच्या शेवटी ‘शि’ मोजा. आकडा पाहून वाईट वाटतं, पण त्याशिवाय पुढचं वेळापत्रक खरं होत नाही.

मग आठवड्यातून चार वर्गभेटी पक्क्या करा. एका भेटीला २० मिनिटं आणि नंतरच्या बोलण्याला १५, म्हणजे एकूण २ तास २० मिनिटं. बारा शिक्षक असतील तर प्रत्येकाकडे तीन आठवड्यांतून एकदा जाणं होतं. पहिला तास या कामाला ठेवू नका. उशिरा आलेली मुलं, पालक आणि बदली तास मिळून तो खाऊन टाकतात. दुसरा ते चौथा तास त्यातल्या त्यात सुरक्षित. त्या वेळात कोणत्या कारणासाठी बोलवायचं, हे कार्यालयात लिहून द्या: मूल जखमी झालं, वर्ग शिक्षकाविना आहे, किंवा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. बाकी सगळं अर्धा तास थांबू शकतं.

हा हट्ट कशासाठी, तर शिक्षणसंशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली शालेय नेतृत्वावरचे आधीचे अभ्यास एकत्र मांडून पाहिले. नेतृत्वाच्या पाच प्रकारच्या कामांपैकी विद्यार्थ्यांच्या शिकण्याशी सर्वांत मोठा संबंध दिसला तो शिक्षकांच्या शिकण्याला चालना देण्याचा आणि त्यात स्वतः सहभागी होण्याचा. परिणामाचा आकार, म्हणजे हा संबंध किती मोठा ते सांगणारा आकडा, ०.८४. साधनसामग्रीच्या नियोजनाचा ०.३१, शिस्तशीर वातावरणाचा ०.२७. हे आकडे मोजक्या अभ्यासांवर उभे आहेत, त्यामुळे दशांशापर्यंत कवटाळायचे नाहीत. दिशा मात्र स्पष्ट आहे. त्यातही ‘सहभागी होणं’ हे शब्द सोडू नका. प्रशिक्षणाचं उद्घाटन करून ऑफिसात परतणारा मुख्याध्यापक त्यात मोडत नाही.

दुसरं काम: वह्या उघडा

वर्गात जाण्याआधी वह्या पाहा. एका वर्गाच्या एका विषयाच्या सहा पुरतात: चांगलं जमणाऱ्या दोघांच्या, मधल्या दोघांच्या, मागे पडलेल्या दोघांच्या. गेल्या तीन आठवड्यांची पानं शेजारी शेजारी ठेवा.

सहाही वह्यांत शब्दन् शब्द एकच उत्तर असेल, तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. लेखी काम भरपूर दिसेल, पण मुलाचा स्वतःचा विचार शून्य. चुकीच्या उदाहरणावर बरोबरची खूण असेल, तर वही तपासलेली नाही, फक्त सही झाली आहे. ‘छान’, ‘नीट लिहा’, ‘अक्षर सुधारा’ याखेरीज शेरा नसेल, तर मुलाला पुढे काय करायचं ते कळलेलं नाही. आणि शेऱ्यानंतर मुलाने काहीच दुरुस्त केलं नसेल, तर शेरा कितीही सुंदर असो, तो वाया गेला.

यातलं काहीही लगेच कुणाला ऐकवू नका. वह्या मागवल्याची बातमी स्टाफरूममध्ये पाच मिनिटांत पोचते आणि पुढच्या वेळी सजवलेल्या वह्या समोर येतात. कशासाठी पाहतोय ते आधी सांगा, परत देताना आभार माना, आणि पहिल्या महिन्यात फक्त स्वतःसाठी टिपणं करा.

तिसरं काम: एकच, अरुंद उद्दिष्ट

‘गणिताचा दर्जा उंचावणे’ हे उद्दिष्ट नव्हे, फलकावर लावायचं वाक्य आहे. उद्दिष्ट इतकं अरुंद हवं की दोन प्रश्नांत तपासता यावं. उदाहरणार्थ: ‘सहावीतलं प्रत्येक मूल दशांश अपूर्णांकांची तुलना कारणासह करू शकेल.’

आता हे दोन प्रश्न पाहा. (१) ०.४ आणि ०.३५ यांपैकी मोठी संख्या कोणती? (२) ०.४५ आणि ०.३ यांपैकी मोठी कोणती?

काही मुलं दशांश चिन्हानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतात. पस्तीस चारापेक्षा मोठे, म्हणून ०.३५ मोठी. ही मुलं पहिल्यात चुकतात, पण दुसऱ्यात ‘पंचेचाळीस तिनापेक्षा मोठे’ असं म्हणून बरोबर येतात. दुसऱ्या काही मुलांनी ‘शतांश लहान असतात, म्हणून जितके जास्त अंक तितकी संख्या लहान’ असा नियम मनाशी बांधलेला असतो. ती पहिल्यात बरोबर येतात आणि दुसऱ्यात ०.३ ला मोठी ठरवतात. एकच प्रश्न विचारला असता तर यातला एक गट ‘येतंय’ या खात्यात गेला असता. बरोबर उत्तर म्हणजे समज नव्हे, हे शिक्षकांना पटवायला या दोन ओळींइतकं चांगलं साधन क्वचित मिळेल.

दोन्ही गटांवर उपाय वेगळे. पहिल्या गटाच्या चुकीला बोलण्यातली सवय खतपाणी घालते: ‘शून्य पॉइंट पस्तीस’ म्हटलं की कानावर पस्तीसच पडतात. ‘शून्य पॉइंट तीन पाच’ म्हणा आणि शंभर चौकटींच्या जाळीवर दोन्ही संख्या रंगवायला द्या. नुसतं ‘शेवटी शून्य लावा आणि बघा’ सांगितलं तर उत्तर सुधारतं, पण मूल अजूनही चाळीस आणि पस्तीसच पाहत असतं. तिसऱ्या प्रश्नात ते उघडं पडतं: ०.३ आणि ०.४ यांच्या मध्ये एखादी संख्या आहे का?

एका सत्रात अशी दोन उद्दिष्टं पुरे, एक गणिताचं आणि एक भाषेचं. बाकीचे विषय चालूच राहतात. तपासणीचा झोत मात्र या दोनांवर.

चौथं काम: वर्गात बसणं

मागच्या बाकावर बसू नका, तिथून फक्त पाठी दिसतात. बाजूला, मुलांच्या वह्या दिसतील अशा जागी बसा. गुणांकनाचा छापील तक्ता नेऊ नका. कोऱ्या पानावर तीन रकाने आखा: वेळ, शिक्षक काय म्हणाले, मुलांनी काय केलं. विशेषणं टाळा. ‘वर्ग उत्साही होता’ या वाक्यातून पुढे काहीच करता येत नाही. हे करता येतं:

१०.४२ – फळ्यावर ०.४ आणि ०.३५. ‘मोठी कोणती?’ लगेच पहिल्या बाकावरून हात. उत्तर ‘०.४’. ‘शाब्बास.’ पुढचं उदाहरण.
१०.४३ – खिडकीकडच्या रांगेत पाचपैकी तीन वह्यांत ०.३५ भोवती गोल. एकीने फळा पाहून खोडलं.

या दोन ओळींत पूर्ण तास आहे. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद किंवा त्याहून कमी थांबतात, आणि थांबणं तीन सेकंदांच्या पुढे नेलं की उत्तरं लांबतात, न बोलणारी मुलं बोलू लागतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. फळ्यापाशी उभं राहिलं की ते फार लांब वाटतात.

मुलं काम करत असताना दोघा-तिघांपाशी वाकून हळू आवाजात तीन प्रश्न विचारा: ‘काय शिकतोयस? हे बरोबर आलं ते कसं ओळखणार? अडलं तर काय करतोस?’ पहिल्याला ‘पान नंबर बेचाळीस’ असं उत्तर आलं, तर मुलाला कृती माहीत आहे, हेतू नाही. तिसऱ्याला ‘गप्प बसतो’ आलं, तर ते ठळक लिहून ठेवा. ‘मॅडम रागावतात का?’ असले प्रश्न कधीही विचारू नका. एकदा विचारलात की वर्षभर तुमच्याकडे हेर म्हणून पाहिलं जाईल, आणि त्यात शिक्षकांची चूक नसेल.

पाचवं काम: नंतरचं बोलणं

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. ऑफिसात बोलावून नव्हे. रिकाम्या वर्गात, शेजारी बसून. पंधरा मिनिटं. नवे मुख्याध्यापक इथे हटकून घसरतात: आधी तीन कौतुकं, मग ‘पण’, मग सात सूचना. शिक्षक ‘पण’ ची वाट पाहत बसतात आणि सातांपैकी एकही सूचना वर्गात उतरत नाही.

त्याऐवजी टिपण पुढे ठेवा आणि विचारा, ‘मॅडम, खिडकीकडच्या रांगेत तिघांनी ०.३५ ला गोल केला होता. त्यांच्या डोक्यात काय चाललं असेल?’ आणि गप्प बसा. तीन सेकंदांचा नियम इथेही लागू. बहुतेकदा मॅडमच म्हणतात, ‘मी एकीचंच उत्तर घेऊन पुढे गेले.’ हे त्यांच्या तोंडून आलं की अर्धं काम झालं. नाही आलं, तर आडवळण न घेता स्पष्ट सांगा. बोध काढून घेण्याचा खेळ दहा मिनिटं ताणला की तो अपमानास्पद होतो.

मग एकच बदल ठरवा, पुढच्याच तासाला करता येईल इतका छोटा: ‘प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजायचे, सगळ्यांनी उत्तर पाटीवर लिहून एकदम वर धरायचं, आणि “का?” हे आधी चुकलेल्याला नव्हे, बरोबर आलेल्याला विचारायचं.’ उठण्यापूर्वी ती सूचना मॅडमनी तुम्हाला वर्ग समजून एकदा मोठ्याने म्हणून पाहावी. थोडं हसू येतं, पण वर्गात शब्द अडत नाहीत. आठवड्याच्या आत पाच मिनिटं डोकावून फक्त तेवढंच पाहा. हे टिपण सेवापुस्तिकेत किंवा वार्षिक मूल्यांकनात गेलं की पद्धत तिथेच संपली, कारण पुढच्या भेटीला तुम्हाला खरा तास दिसणार नाही, बसवलेला दिसेल. मूल्यांकनासाठी लागणाऱ्या भेटी वेगळ्या आणि आधी सांगून करा.

शिक्षक सभा

सूचना कागदावर द्या, सभेत वाचू नका. त्यामुळे मोकळी झालेली ४५ मिनिटं अशी वापरता येतात: शिक्षकांनी आधी स्वतः ते दशांशांचे दोन प्रश्न सोडवून मुलं कुठे चुकतील याचा अंदाज लिहायचा (१० मिनिटं). मग मुलांनी उत्तरं लिहून दिलेल्या, वर्गातून आणलेल्या चाळीस चिठ्ठ्यांचे उत्तरांप्रमाणे गठ्ठे करायचे (१५ मिनिटं). प्रत्येक गठ्ठ्यातलं मूल काय विचार करत असेल ते बोलायचं (१० मिनिटं), आणि उरलेल्या वेळात कोण, कोणत्या तासाला, काय करणार ते लिहायचं. चिठ्ठ्यांवर मुलांची नावं मागच्या बाजूला ठेवा. नाव दिसलं की चर्चा उत्तरावरून मुलाच्या घरावर जाते.

‘घरी कोणी बघत नाही’, ‘मागच्या वर्गातच कच्चं राहिलं’ ही वाक्यं येणारच. अनेकदा ती खरी असतात. वाद घालू नका, फक्त विचारा: ‘बरोबर. मग उद्याच्या तासाला काय करूया?’

एकत्र पाठ घडवणं

जपानी शाळांत ‘जुग्यो केनक्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, ही पद्धत दीर्घकाळ रुजलेली आहे. तीन-चार शिक्षकांचा गट, सहा आठवडे. पहिले दोन आठवडे एकाच पाठाची आखणी. त्यात सर्वांत जास्त वेळ जातो मुलं काय काय उत्तरं देतील याची यादी करण्यात आणि प्रत्येक उत्तराला पुढचा प्रश्न ठरवण्यात. तिसऱ्या आठवड्यात एक जण शिकवतो, बाकीचे प्रत्येकी दोन-तीन मुलांवरच नजर ठेवतात, शिक्षकावर नाही. चर्चेत शिकवणारा आधी बोलतो. मग पाठ बदलून दुसऱ्या तुकडीवर दुसरा शिक्षक घेतो. शेवटी एक पानी नोंद.

ही पद्धत बिघडते ती ‘आदर्श पाठ’ झाल्यावर. मुलांकडून आधी तालीम करून घेतली, तक्ते लावले, पाहुणे बोलावले की चूक दिसायची जागाच उरत नाही, आणि चूक पाहायलाच तर सगळे जमले होते. दुसरी अडचण बदली तासांची. ती आधी सोडवा, तुम्ही स्वतः एक तास घेऊन सोडवलीत तर उत्तम.

प्रशिक्षण वर्गात का उतरत नाही

शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स १९८० च्या दशकापासून हेच मांडत आले: नुसतं सांगून किंवा दाखवूनही नवं तंत्र रोजच्या वर्गात फारसं पोचत नाही, आपापसांत सराव आणि त्यानंतर वर्गात सोबत बसून मिळणारी मदत लागते. म्हणून सहा तासांचं प्रशिक्षण एका दिवसात उरकण्यापेक्षा एक-एक तासाचे सहा भाग करा, मधे दोन-दोन आठवडे वर्गात वापर. विषय एकच. दर वेळी पहिली दहा मिनिटं ‘मागचं वापरलं तेव्हा कुठे फसलं’ यासाठी. तुम्हीही वही घेऊन बसा आणि तुमचं फसलेलं आधी सांगा.

नव्या शिक्षकाला पहिले तीन महिने तीनच गोष्टी द्या: तास सुरू करण्याची ठरलेली पद्धत, स्पष्ट प्रश्न, सगळ्यांचं उत्तर तपासणं. वीस वर्षं शिकवणाऱ्यांना तेच शिकवायला गेलात तर ते सभेत पेपर तपासतील. त्यांना नव्यांसोबत जोडा, पण त्या बदल्यात आठवड्याचा एक तास मोकळा करून द्या. मान दिला आणि वेळ दिला नाही, तर त्याला फक्त जादा काम म्हणतात.

चाचण्या आणि शेरे

निकालाची सरासरी काढून थांबू नका. उभ्या ओळीत मुलांची नावं, आडव्या ओळीत प्रश्न, चुकलं तिथे फुली. आधी प्रश्नांचे रकाने वाचा, मग मुलांच्या ओळी. चाळीसपैकी अठ्ठावीस जण एका प्रश्नात चुकले असतील तर आधी प्रश्नाची भाषा तपासा; ती ठीक असेल तर पूर्ण वर्गाला वेगळ्या रीतीने पुन्हा शिकवायचं. सहा चुकले तर त्या सहांचा छोटा गट. ‘कच्ची मुलं’ असा कायमचा गट मात्र करू नका. दशांशात मागे असलेलं मूल भूमितीत पुढे असू शकतं, म्हणून गट प्रश्नाप्रमाणे बदलायला हवेत.

मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात फक्त शेरे मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा फायदा दिसला नाही. मुलं गुण बघतात आणि वही मिटतात. म्हणून शेरा आधी द्या, दुरुस्तीला दहा मिनिटं वर्गातच द्या, गुण नंतर. शेऱ्यात काम हवं: ‘तिसरं आणि पाचवं जाळीवर रंगवून पुन्हा कर.’ चाळीस वह्यांना प्रत्येकी दोन मिनिटं म्हणजे ८० मिनिटं, रोज ते अशक्य आहे. दिवसाला दहा वह्या, चार दिवसांत फेरी पूर्ण. बाकीचं मुलांनी उत्तरं पाहून स्वतः तपासावं.

तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं वही बंद ठेवून तीन प्रश्नांना द्या: एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणारे. ‘काल तर येत होतं’ या तक्रारीचं बरंचसं कारण इथेच आहे.

सहा आठवड्यांनी तेच काम, संख्या बदलून: ०.६ आणि ०.५२, ०.७३ आणि ०.५. चिठ्ठ्यांचे पुन्हा गठ्ठे. अजून पाच-सहा जण जुन्याच गठ्ठ्यात निघाले, तर त्यांची नावं लिहा, त्यापुढे जाळीचा कागद घेऊन त्यांच्यासोबत कोण आणि कोणत्या तासाला बसणार ते लिहा, आणि त्यातली एक जागा स्वतःच्या नावाने भरा.